तास वेगळा काढा, मॅडम!

आमच्या टाइम ऑफिसातले किस्से जपून ठेवावे लागत नाहीत. एक विसरतेय तोवर दुसरा दारात हजर! मी रोज खालापूरहून साजगावच्या कारखान्यात येते आणि हजेरीच्या तक्त्यातून तारीख एकीकडे, वेळ एकीकडे काढत बसते. एवढंच काम. एवढ्यातच केस पिकले.

*

मॅनेजर साहेब म्हणाले, "मिनिटं नकोत, फक्त तास वेगळा काढा."

काढला. नऊ-दोनला आलेला नऊ, नऊ-अठ्ठावन्नला आलेलाही नऊ! साहेबांनी बोर्डावर अभिनंदन लावलं, 'सर्व कामगार ठीक नऊला हजर!'

मी समजवायला गेले, तर म्हणे, "चांगल्यात खोट काढू नका हो!"

*

गेटवरचे धर्माकाका ट्रक आल्याची वेळ कॉम्प्युटरवर टाकतात. एकदा वेळेच्या रकान्यात सापडलं, 'नाश्त्यानंतर'. वेळ वेगळी काढणारा माझा फॉर्म्युला आडवा!

"काका, वेळ आकड्यात टाका ना!"

"टाकतो की गं. त्यात काय हाय?"

दुसऱ्या दिवशी रकान्यात, '२ चहा झाल्यावर'.

*

ही चूक माझीच. मिनिटं काढायच्या जागी फॉर्म्युल्यातून महिना निघत होता. जुलैत सगळे सात मिनिटं उशिरा, ऑगस्टात आठ!

साहेबांनी तातडीची मीटिंग बोलावली. "दर महिन्याला एक मिनिट वाढतंय! डिसेंबरात काय होणार?"

*

आणि लोधिवलीच्या सुनंदाताई. पॅकिंगला आहेत, एक खाडा नाही. एकदा वीज गेली, पंचिंग मशीनचं घड्याळ पार मागे गेलं आणि ताईंची त्या दिवसाची हजेरी पंचवीस वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीला पडली. तक्त्यात त्या गैरहजर. साहेबांनी थेट नोटीस काढली. ताईंचे डोळे भरले. मलाही राहवेना, प्रिंट घेऊन त्यांच्यासोबत केबिनमध्ये गेले.

"साहेब, हा पंच बघा. तारीख चुकलीय, माणूस नाही!"

"मशीन खोटं बोलत नाही, मॅडम."

आता ताई उसळल्या. "आवो, तवा मी चौथीत व्हते! शाळा सोडून हितं पॅकिंगला आले व्हते काय?"

साहेब शांतपणे म्हणाले, "मग त्या दिवशी शाळेत होतात, असा दाखला आणा."

तिसऱ्या दिवशी ताईंनी खरंच आणला. गुरुजींनी जुनं हजेरीपत्रक शोधून, सही-शिक्क्यानिशी दिलेला! नुसता शिक्का बघूनच साहेबांनी नोटीस फाडली.

कागद फाइलला लावताना मी वाचला.

'सदर दिवशी विद्यार्थिनी शाळेत गैरहजर होती.'