तिसरी हाक

चुलीपुढं बसलेल्या बायकोला मी पाण्यासाठी हाक मारली. भाकरी थापणारा तिचा हात थांबला, पण तिनं ओ दिली नाही.

आमच्या रानात हाकाऱ्या राहतो म्हणतात. तो ओळखीच्या आवाजात दोनदाच बोलावतो. तिसरी हाक फक्त माणूस मारतो. हाकाऱ्याचं चित्रण करायला आलेल्या शहरातल्या नवरा-बायकोला मी हे दहादा बजावलं. पोरगी हसून म्हणाली, "आजोबा, भेटला तर तुमचा नमस्कार सांगते."

दोघं परत आली नाहीत. ओढ्याजवळ नुसता कॅमेरा सापडला. फौजदारानं तो मला लावून दाखवला. कारवीच्या झुडपांतून हाक येते, "पोरी, इकडं ये." मग पुन्हा तीच. नवरा म्हणतो, "थांब, तिसरी येऊ दे." ती म्हणते, "अरे, आजोबाच आहेत!" आणि धावते. पुढं फक्त हलणारी पानं.

"आवाज तुमचाच ना?" फौजदारानं विचारलं.

मी दुसरी नापास, पण खोटं बोलणार नाही. आवाज माझाच होता. मी मात्र त्या दिवशी तापानं घरात पडलो होतो, बायको उशाशी होती. कितीदा सांगायचं? माणसाचं सगळं गेलं तरी आवाज त्याचाच राहतो, असं मला वाटायचं. तोही कुणी वापरला.

चुलीपुढच्या बायकोला मी दुसरी हाक मारली. ती पाठमोरीच. असा राग आला, वाटलं, नको ते पाणी. पण आता दोन हाकांवरच गप्प बसलो, तर तिच्या पाठीमागं उभा असलेला मी कोण ठरेन?

मारली तिसरी.