पहार दाराला लागली नव्हती

पावसाळ्याआधी मुंबईकरांच्या बंद घराच्या पडवीला माडाच्या चुडतांचा, म्हणजे झावळ्यांचा, आडोसा बांधायचा आणि पाऊस सरला की उतरवायचा, हे आमच्याकडे शेजाऱ्याचं काम. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. मामा रापणीला, किनाऱ्यावर मासळीचं जाळं ओढायला जाणारा माणूस, पण शेजारच्या घराचं हे काम त्याने कधी चुकवलं नाही. त्या वर्षी भर पावसात ते घर विकलं गेलं. आम्हाला कुणी कळवलं? छे! पाऊस सरल्यावर मामा आडोशाचे खांब उपटायला पहार घेऊन निघाला आणि नव्या मालकाच्या राखणदाराने त्याला बेड्याबाहेरच, कुंपणाच्या फाटकाशीच धरलं. पोलिसांनी गुन्हा लावला: घरफोडीचा प्रयत्न.

मी तेव्हा चळवळीत होतो, पत्रकं लिहायचो. तणतणतच मामा-मामीला घेऊन वकिलांकडे गेलो. जुना मालक मुंबईहून साक्षीला यायला तयार नव्हता.

"मग आडोशाची गोष्ट सिद्ध कोण करणार?" वकील म्हणाले. "त्यापेक्षा सोपं सांगतो. पहार घेऊन घरापर्यंत जाणं ही तयारी. पहार दाराला लागली की प्रयत्न. घरफोडीच्या नुसत्या तयारीला शिक्षा नाही."

"तयारी कसली?" मामाने विचारलं.

"चोरीची. म्हणजे, आपण तसं धरून चालायचं."

"तुमी चालतलास धरून. गावात चालूचा माका आसा."

मामी उसळली. "तुरुंगात गेल्यार गाव काय हार घालतलो तुमका? गप रवा नि घराक येवा."

पोलिसांवर पत्रक काढता येतं. इथे सोडवणाराच मामाला चोर म्हणत होता, आणि त्याला नको म्हणावं तर तुरुंग. ह्याच्यावर कसलं पत्रक काढायचं? मामा गप्प राहिला. वकिलांनी तसंच मांडलं.

न्यायाधीशांनी निकाल वाचला. आरोपीचं वर्तन घरफोडीच्या तयारीपलीकडे गेल्याचं सिद्ध होत नाही, सबब निर्दोष.

वकिलांनी खुशीत माझा हात दाबला. मामा पिंजऱ्यातून हलेना. कचेरीतली मराठी जमवत म्हणाला, "साहेब, तयारी पण नव्हती. तेवढं काढा."

"अहो, सुटलात तुम्ही. जा."

"सुटलो कसा? तेवढं काढा ना."

शिपायाने पुढचा पुकारा केला. दुसरा आरोपी पिंजऱ्यात चढला, तेव्हा मामाने सरकून त्याला जागा करून दिली.