मिरवणुकीत मागे वळलेली बाई

माझा मित्र मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुर्गला चष्म्याच्या दुकानात होतो. तसाच निघालो… महिना उलटला, तरी जीव थाऱ्यावर नाही. कारण त्यानं काढलेलं चित्र. रिसालीच्या त्याच्या घरात बैठकीची अख्खी भिंत त्या चित्रानं व्यापली आहे आणि त्याचा अर्थ लावायचं काम शीलावहिनींनी, मनोहरच्या बायकोनं, माझ्या गळ्यात घातलं आहे. मी शाळेत चित्रकला शिकवायचो ना, म्हणून.

चित्र भीमजयंतीच्या रात्रीचं. रोषणाई, उडणारा निळा गुलाल, डीजेची गाडी, बेभान नाचणारी माणसं आणि वर पोलादाच्या प्लांटच्या उजेडानं तांबडं झालेलं आकाश. रंग असे फासलेत की बघणाऱ्याचे पाय स्वस्थ राहू नयेत. पण माणसं सगळी पाठमोरी. भेटायला आलेल्या एका पाहुण्यानं, हा गर्दीतला एकटेपणा आहे, असं सांगून टाकलं. माझं डोकंच फिरलं. कसला एकटेपणा? मनोहर इलेक्ट्रिशियन, म्हणून मिरवणुकीचा जनरेटर दर वर्षी त्याच्याच माथी. जनरेटरची गाडी सगळ्यांच्या मागे. त्याला दुसरं काय दिसणार? दिवे जाऊ नयेत म्हणून हा पठ्ठ्या गाडी सोडून कधी नाचला नाही. आम्ही बोलवायचो, तो हातानंच पुढे व्हा म्हणायचा. आम्ही व्हायचो.

पण त्या पाठींमध्ये एक चेहरा आहे. पांढऱ्या साडीतली एक बाई नाचता नाचता थांबून मागे बघते आहे, थेट आपल्याकडे. वहिनींची झोप उडाली ती तिच्यापायी. परवा त्यांनी मला चित्रासमोर उभं केलं आणि ही कोण, ते खरं सांगा म्हणाल्या. नाकातली चमकी, गालावरचा तीळ… मी काय लपवणार? तुम्हीच आहात, म्हणालो.

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा मात्र उतरला.

"मी तं नाचूनच राहो, भाऊजी. मांगं कधी पाह्यलंच नाही… मंग त्यायनं हे कोठून पाह्यलं?"

वहिनी आता ताट घेऊन त्या भिंतीसमोर बसतात. मुलगी हाका मारते, भाजी निवून जाते, पण त्यांची नजर तिथून हलत नाही.