आत्यांच्या खोलीतली हवा

कसबा बावड्यात फ्लॅट घेतला तेव्हा खिडकीतून दिसणारा ऊस बघून मी हुरळून गेले होते. ऊस तुटला की मागं राहिलेला पाला पेटवतात आणि त्याचा धूर सरळ आमच्या घरात येतो, हे पहिल्याच हंगामात कळलं. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडायची. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, दमा. पण उभा जन्म शेतात गेलेला, त्यामुळं धुराला नावं ठेवायची त्यांची तयारी नव्हती. "मी खोकलो न्हाय, घसा साफ केला," म्हणायच्या. शेवटी डॉक्टरांनीच बजावलं, पाला पेटला की खिडक्या लावून घ्या आणि यांच्या खोलीत एअर प्युरिफायर ठेवा.

दुकानदारानं आधी सुवास सोडणारं एक मशीन दाखवलं. आत्यांनी त्याच्याभोवती फेरी मारली. "ह्यो धूर खातोय, का नुसतं अत्तर मारतोय?"

दुकानदार हसला. "मावशी, धुराला हेपा फिल्टरवालाच घ्या. खोली केवढी हाय?"

"दोन पलंग, एक कपाट, आन मी आडवी पडलो तर पाय भिंतीला लागत्यात."

एवढ्या मापावर त्यानं बरोबर मशीन काढून दिलं. वासबीस काही नाही, फक्त पंखा, फिल्टर आणि हवा कशी आहे ते सांगणारा दिवा: खराब असली की लाल, स्वच्छ झाली की निळा.

घरी आणून लावलं. बाहेर पाला पेटलेला, दिवा लालभडक. आत्या मशीनसमोर मांडी घालून बसल्या आणि लांब श्वास घेऊन म्हणाल्या, "गारेगार वाटतंय की." शेजारच्या काकू बघायला आल्या, त्यांनाही एकदम मोकळं वाटलं. नवऱ्याची सर्दी गेली. मलासुद्धा आपण महाबळेश्वरला आहोत असं वाटू लागलं. दिवा मात्र लालचा लाल.

चार-पाच दिवसांनी मी वैतागून मागचं झाकण उघडलं. फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत, कारखान्यातून आला तसा, सीलबंद.

मी ती पिशवी आत्यांपुढं धरली. त्यांनी पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मग आमास्नी बरं कशानं वाटालतं?" असं म्हणाल्या आणि हसायला लागल्या. मी खालीच बसले. नवरा काय झालं बघायला आला आणि सर्दी आठवून तोही दाराला टेकून हसत राहिला. हसता हसता आत्यांना जोराचा खोकला आला आणि त्यांनी हातानंच खूण केली, लाव आधी.

पिशवी काढून फिल्टर बसवला, दारं-खिडक्या लावल्या. तिघंही दिव्याकडं टक लावून बसलो. लालचा नारिंगी झाला, बऱ्याच वेळानं निळा. आत्यांनी टाळी वाजवली. घशात घरघर होती आणि ती आता खरोखरच कमी झाली, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं.

लगेच आत्यांचा गडमुडशिंगीच्या बहिणीला फोन गेला. "ये की ऱ्हायला. आमच्यात निळी हवा हाय." मावशी दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन हजर. दोघी खोलीत शिरल्या त्या शिरल्याच. मी चहा घेऊन गेले तर आतून दोघी एका सुरात ओरडल्या, "दार लाव, धूर येतोय."

चहा मी बशीसकट जमिनीवर ठेवला, दार लावलं आणि त्यांच्यातच जाऊन बसले.