गाडीच्या पायांवर पाणी

बिराप्पा आमच्याकडे ड्रायव्हर म्हणून आला, त्याआधी तो लष्करात ट्रक चालवायचा आणि त्याही आधी जतच्या माळावर मेंढरं राखायचा. माझ्या सासऱ्यांच्या जुन्या काळ्या गाडीला तो म्हातारी म्हणे. सकाळी हँडल मारण्याआधी तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राही, कोकराचं अंग तापलंय का बघावं तसा.

चौऱ्याहत्तर साली आमच्या यांनी मुंबईला एका वकिलातीच्या लिलावात मर्सिडीज घेतली. माधवनगरच्या आमच्या गिरणीपुढे ती उभी राहिली तेव्हा केरबा मुकादमानं टोमणा मारला, "काय रं बिराप्पा, मेंढरं सोडून हत्ती हाकतोस व्हय?"

"हत्ती न्हाई गड्या, मांजर हाय. दारात आली तरी कळायचं न्हाई."

मला घोर होता तो मनूचा. नऊ वर्षांची आमची मुलगी पाचगणीच्या निवासी शाळेत होती. पहिल्यांदा गेली ती बिराप्पाबरोबर, म्हातारीतून. फाटकातून आपल्या पायांनी आत गेली. जूनमध्ये यांच्या मित्राच्या गाडीतून पाठवली, तर तिला उचलून आत न्यावं लागलं. का, ते मला कळलं नाही. म्हणून दिवाळीनंतर मीच सोबत निघाले.

नवी गाडी रस्त्यावरून नव्हे, पाण्यावरून चालल्यासारखी वाटत होती. काचा बंद. बाहेर उसाचे तुरे आवाजाशिवाय हलत होते. म्हातारीत प्रत्येक खड्डा ओळख देऊन जायचा. इथं अख्खं कऱ्हाड झुळकीसारखं सरलं. साताऱ्याचा किल्ला स्वप्नात यावा तसा आला आणि मागे विरून गेला. माझ्या हातातला मनूचा हात गार पडत चालला.

"आई, एवढ्यात वाई?"

पसरणीच्या घाटात, एका वळणावर, बिराप्पानं गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं.

"काय झालं?" मी काच खाली करून विचारलं.

"काय न्हाई वैनीसाब. दमली."

"नवी गाडी?"

"चढ लय हाय."

मनू केव्हाच खाली उतरली होती. म्हातारी इथंच तापायची. पाणी पिऊन, निवून मगच पुढं जायची. बिराप्पानं डिकीतून पाण्याचा डबा काढून मनूच्या हाती दिला.

"हिला कुठं घालायचं?"

"हिला पायांवर घाला, मनुताई. सांगलीपासनं चालतीया."

मनूनं चारी चाकांवर सावकाश पाणी घातलं. मग कठड्यावर बसून खाली बघत राहिली. धुक्यात वाईची देवळं तरंगत होती, कृष्णा रेघेएवढी दिसत होती. मी घड्याळाकडे पाहिलं, बिराप्पानं नाही. बऱ्याच वेळानं मनूच उठली.

"झाला तिचा दम खाऊन. चला, बिराप्पामामा."

शाळेच्या फाटकाशी तिनं बॉनेटवर थाप मारली, मला हात केला आणि आत चालत गेली.

परतताना मी काचेला डोकं टेकून बसले होते. त्याच वळणावर गाडी पुन्हा थांबली.

"आता तर उतार आहे, बिराप्पा."

"व्हय जी."

या खेपेला त्यानं बॉनेट उघडलं नाही. डबा माझ्याशेजारी कठड्यावर ठेवला आणि बिडी ओढायला वळणापलीकडे निघून गेला. डब्यात पाणी उरलं होतं. मी एकेका चाकावर थोडं थोडं ओतलं, राहिलेल्यानं तोंड धुतलं, आणि बराच वेळ बसून मग त्याला हाक मारली.