रिकामा परत आलेला डबा

नवऱ्याला तिथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, म्हणून दोन हजार सालानंतरच्या पहिल्या वर्षांत आम्ही त्या गावात राहायला गेलो. नदीच्या अलीकडे इंग्लंड, पलीकडे स्कॉटलंड. चार शब्द मराठीत बोलायचे तर एडिनबरा गाठावं लागे. नवरा दिवसभर ड्यूटीवर आणि मी खिडकीत. एकटेपणाने जीव नकोसा व्हायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बोलायला एकच माणूस होता, शेजारचे आजोबा. गावाच्या इतिहासाचं त्यांना भारी वेड. आमच्या घरामागची पायवाट म्हणे जुनी गुरांची वाट. डोंगरातून कळप यायचे आणि नदी उथळ असते त्या उतारावरून पार होऊन दक्षिणेच्या बाजारांकडे जायचे. मला गुरांत काडीचा रस नव्हता, पण कोणीतरी आपल्याशी बोलतंय म्हणून मी ऐकत बसायचे.

एकदा मी त्यांना डबाभर चिवडा दिला. चार दिवसांनी डबा परत आला, घासून लख्ख आणि रिकामा. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. माझं डोकंच फिरलं. वाटलं, यांना आता आपलं येणंजाणं नको आहे.

नवरा म्हणाला, "अगं, इथे डबा वॉश करून रिटर्न करणं हेच मॅनर्स. उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

मी कसली ऐकतेय. महिनाभर त्यांच्या दाराकडे फिरकले नाही.

शेवटी करमेना, तेव्हा गेले आणि रागारागाने सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत.

"इथले व्यापारी लोकर घेऊन नदीपार जायचे आणि येताना मीठ आणायचे," ते म्हणाले. "घोडा रिकामा परत आणत नसत. मला तरी हे कळायला हवं होतं."

डबा त्यांनी मागून घेतला.

पुढच्याच आठवड्यात त्यांची मुलगी आली आणि त्यांना आपल्याकडे घेऊन गेली, कायमची. मी तेव्हा बाजारात होते. परतले तर डबा दाराशी ठेवलेला. आत खडेमीठ, काठोकाठ.

आमच्याकडे मीठ हातावर देत नाहीत, भांडण होतं म्हणे. मी पायरीवर बसून रडले. भांडायला तरी ते हवे होते, आणि मी अख्खा महिना रुसून घालवला होता.