कुकर जप्त झाला तेव्हा

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात, कॅरमबोर्ड आणि गणपतीच्या मखराच्या मधल्या टेबलावर, पाच लिटरचा एक प्रेशर कुकर ठेवला होता. त्याच्या दांड्याला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता आणि त्यावर लाल स्केचपेनने लिहिलं होतं: 'जप्त. हात लावू नये.' मी पाण्याच्या टँकरची चौकशी करायला गेले होते. ती सुतळी बघितली आणि मी पुढे गेलेच नाही. खुर्ची ओढून बसले. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, पाणी देऊ का?" मी म्हटलं, "पाण्याचंच विचारायला आलेय, तुम्ही कुठून देणार?" मी बसले तरी माझी जीभ बसत नाही, हा माझा जन्माचा दोष.

कुकर तिसऱ्या मजल्यावरचा. त्या घरात दिवाळीनंतर लग्न होऊन एक मुलगी आली होती. माहेर दिंडोरीकडचं, आईवडील द्राक्षबागांवर छाटणीला जाणारे. रविवारी तिला भाजलं. सासूने जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, सगळीकडे एकच सांगितलं, कुकर उडाला. आमच्या अध्यक्षांना तेवढं पुरे झालं. त्यांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या गेटवर गेली, येणाऱ्या-जाणाऱ्याचे डबे उघडून बघण्यात. निवृत्त झाल्यापासून बिचाऱ्यांना उघडून बघायला काही मिळालं नव्हतं. त्यांनी तातडीने कुकर खाली आणवला आणि मीटिंग बोलावली.

आता त्या मीटिंगचं काय सांगू! नाशिक रोडला इतकी वर्षं राहतेय, पण असा तमाशा बघितला नव्हता. अध्यक्ष म्हणाले, आपल्या स्वयंपाकघरांत किती प्राणघातक वस्तू आहेत याचा आपण कधी विचार केलाय का? यापुढे प्रत्येक कुकरची नोंद होणार. पाच लिटरच्या वरचा कुकर ठेवायचा तर कमिटीची परवानगी. चौथी शिट्टी झाली की शेजाऱ्याने बेल वाजवून चौकशी करायची. मिक्सर दुपारी बंद. वितीपेक्षा लांब सुरी असेल तर ती कुलपात, आणि विळी वापरून झाली की पातं मिटून, भिंतीकडे तोंड करून ठेवायची.

"आणि लाटणं?" मागून कोणीतरी विचारलं. सगळे खो खो हसले. अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, लाटण्याचा विचार दुसऱ्या टप्प्यात करू.

मी उठले. म्हटलं, "अहो, लायसनच देऊन टाका बायकांना. फोटो लावा, अंगठा घ्या. पुरुषांना नको, ते आत येतात कशाला, पाण्याची बाटली न्यायला." पुन्हा हशा. मग मी विचारलं, "कुकरला अटक झाली, ठीक. पण कुकरच्या आसपास माणसं होती ना? त्यांना कोणी काही विचारलं का?"

हशा थांबला. तिसऱ्या मजल्यावरची सासू पहिल्या रांगेत बसली होती. तिने पदर सारखा केला. तिचा मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून होता, त्याने ते आणखी खाली घातलं. अध्यक्ष म्हणाले, "काकू, विषयाला धरून बोला." सगळे मूग गिळून बसले.

मीटिंगमधून वर जाताना जिन्यात ती मुलगी दिसली. केर टाकायला निघाली होती. ओढणी खांद्यावरून घसरली आणि ती सावरायला ती वळली, तेव्हा मला ड्रेसच्या गळ्यातून पट्टी दिसली. मागे. खांद्याच्या खाली, पाठीवर.

"काय गं, कुकर पाठीमागून आला होता का?" मी विचारलं.

ती घाबरली. खालच्या मजल्याकडे बघितलं, वर बघितलं. "मी ठीक हाय काकू," म्हणाली आणि केराची पिशवी तशीच हातात घेऊन परत वर पळाली. केर टाकायचाही राहिला.

मी घरी येऊन दार लावलं. माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या फळीवर एक पितळी स्टोव्ह आहे. पंप मारायचा, रॉकेलचा. त्याच्याकडे बघत उभी राहिले आणि मला रडू फुटलं. रागाने रडू फुटतं ना, तसलं.

तो स्टोव्ह माझ्या ताईचा. म्हणजे तिच्या लग्नात वडिलांनी दिलेला. मी तेव्हा शाळेत होते. वडिलांनी दुकानात दहा स्टोव्ह पेटवून बघितले आणि हा निवडला, टाकीवर स्वतःचं नाव ठोकून घेतलं, कारण रुखवतातल्या भांड्यांवर नाव घालायचीच पद्धत होती. ताई चांदवडला गेली. पहिल्या पंचमीला आली तेव्हा स्वयंपाकघरातून हलेना. आईच्या पाठीला पाठ लावून बसायची. जायच्या दिवशी म्हणाली, "मी इथंच राहिले तर?" आई म्हणाली, "चार दिवस राहा की, कोण नको म्हणतंय." ताई हसली. तिला चार दिवस म्हणायचं नव्हतं, हे मलासुद्धा कळलं होतं.

पुढच्या पंचमीच्या आत ती गेली. तिचा दीर निरोप घेऊन आला. अंगणातच उभा राहून म्हणाला, "स्टोचा भडका झाला वो. लय वंगाळ झालं." एवढंच वाक्य. मग तेच वाक्य पोलीस बोलले, डॉक्टर बोलले, आमचे नातेवाईक बोलले. माणसं बदलत होती, वाक्य तेच. चौकशी झाली ती स्टोव्हची. जप्ती झाली ती स्टोव्हची. त्या घरातलं कोणी एक दिवससुद्धा चौकीत बसलं नाही, स्टोव्ह मात्र कितीतरी महिने बसला.

प्रकरण मिटल्यावर चौकीतून वडिलांना बोलावणं आलं. टाकीवर नाव त्यांचं, म्हणून वस्तू त्यांची. पंपाच्या दांड्याला सुतळी, सुतळीला पुठ्ठा, त्यावर लाखेचा ठिपका. वडिलांनी तो पिशवीत घालून एसटीने आणला. मुलगी दिली होती, स्टोव्ह परत मिळाला.

त्या दुपारी ते मागच्या अंगणात बसले. सुतळी तोडली. स्टोव्ह चिंचेने घासला, टाकीत रॉकेल भरलं, पिन मारली, काकडा पेटवला आणि पंप मारायला लागले. आई दारात, मी तिच्यामागे. मला वाटलं आता भडका होणार आणि वडील पण जाणार. मी आईचं लुगडं मुठीत धरलं.

स्टोव्ह फरफरला आणि पेटला. निळी, गोल, एकसारखी ज्योत. कुठे गळती नाही, कुठे पिवळा लोळ नाही. वडिलांनी हवा सोडली, पुन्हा भरली, पुन्हा पेटवला. पुन्हा निळी. मग ते तसेच बसून राहिले, रॉकेल संपेपर्यंत. त्यानंतर आमच्या घरात कधीच कोणी त्याविषयी बोललं नाही, आणि तो स्टोव्ह कोणी पेटवलाही नाही. पण आवाज मात्र गेला नाही. मला आजही भर दुपारी, गॅसवर दूध तापत असताना, मागून पंप मारल्याचा आवाज येतो. वळून बघते तर कोणी नसतं. पूर्वी भीती वाटायची, आता मी म्हणते, ये गं ताई, बस.

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीचं ऑफिस उघडल्या उघडल्या गेले आणि कुकर उचलला. सेक्रेटरी ओरडले, "काकू, अहो जप्त आहे तो!"

"मग मलाही जप्त करा," मी म्हटलं आणि जिना चढले.

घरी आल्यावर सुतळी सोडायला गेले तर गाठ सुटेना. शेवटी विळीवर धरून कापली. आधी झाकण उलटं करून बघितलं. सेफ्टी व्हॉल्व्ह जागच्या जागी. कुकर उडाला असता तर तो राहिला असता का? मीटिंगला बसलेल्या बायकांना एवढं कळू नये? की कळून सगळ्या गप्प बसल्या? रिंग मऊ, शिट्टी साफ. मी डाळ-तांदूळ लावले, गॅस पेटवला आणि समोर उभी राहिले. मागे कोणीतरी येऊन उभं राहिलंय असं वाटत होतं. ओल्या केसांचा वास, रॉकेलचा वास. मी वळले नाही. म्हटलं, तूही बघ.

पहिली शिट्टी झाली. दुसरी. तिसरी. झाकणाच्या कडेने वाफेचा एक धागासुद्धा निघाला नाही. असा गुणी कुकर माझ्या घरात कधी नव्हता.

वाफ जिरल्यावर तो तसाच फडक्यात धरून मी तिसऱ्या मजल्यावर गेले. दार सासूने उघडलं. मुलगा सोफ्यावर. ती मुलगी ओट्यापाशी, आमच्याकडे पाठ करून.

"कुकर आणलाय," मी म्हटलं. "वरणभात केलाय त्यात. काहीही झालेलं नाही त्याला."

"तुम्हाला काय करायचंय आमच्या कुकरशी?" सासूचा आवाज चढला.

"कुकरशी काही नाही. हिच्याशी आहे."

मुलगा उठला. "काकू, घरातला मामला आहे. तुम्ही खाली जा."

"जाते. पण हिला एक विचारते आणि जाते." मी कुकर ओट्यावर ठेवला, तिच्या शेजारी. "पोरी, काय झालं होतं?"

ती कुकरकडे बघत राहिली. झाकण काढलं, आतला भात बघितला. मला वाटलं, पुन्हा 'ठीक हाय' म्हणणार. ही आत्ता नाही म्हणाली, तर मी हिला कुठल्या तोंडाने ओढून नेणार होते?

"कुकर नव्हता," ती म्हणाली. अगदी हळू. मग जरा मोठ्याने. "तापवलेलं उलथणं होतं. आईंच्या हातात."

अध्यक्षांच्या नियमांत उलथण्याचं नाव कुठेच नव्हतं.

सासू ओरडायला लागली, मुलगा मध्ये यायला लागला. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "चप्पल घाल," मी तिला म्हटलं. "फोन घे." समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं होतं, वरच्या मजल्यावरच्या दोघी जिन्यात आल्या होत्या. काल त्याच मूग गिळून बसल्या होत्या. आज त्यातली एक खाली उतरली आणि मुलीचा दंड धरून तिला जिन्यात आणलं. मुलगा दारातच थांबला.

माझ्या घरी येऊन तिने आधी वडिलांना फोन लावला. "आप्पा, मला न्यायला या," एवढंच बोलली आणि हुंदके द्यायला लागली. ते बागेतून तसेच निघाले. आप्पा आले की चौकीत जायचं, हे तिनेच ठरवलं. तोवर काय करायचं हे तिने विचारायच्या आधीच मी म्हटलं, इथेच राहायचं, कितीही दिवस. चार दिवस म्हणाले नाही.

मी चहा ठेवला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिची नजर फळीवर गेली.

"काकू, हा स्टो चालू हाय का अजून?"

"आहे," मी म्हटलं. "कधी बिघडलाच नव्हता."